तंबोऱ्याची जवारी आणि महागडी वायर

अ‍ॅम्प्लिफायरला भिंतीतील सॉकेटशी जोडणारी दीड मीटरची वायर बदलली, की तंबोऱ्याची जवारी अधिक खुलते, असे आपणास कोणी ना कोणी सांगितले असेल. अशा वायरींच्या किमती काही हजारांपासून लाखापलीकडे जातात. तेव्हा पाकिटाला हात घालण्यापूर्वी ती वायर करते तरी काय, हे पाहावे.

घरात येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची, सेकंदाला ५० आवर्तनांची असते. रस्त्यावरील रोहित्रापासून आपल्या भिंतीपर्यंतचा प्रवास ती साध्याच तारांतून करते. यंत्रात शिरल्यावर तेथील पॉवर सप्लाय तिचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतो. गाणे त्या वायरीतून वाहतच नाही. वायर पुरेशी जाड आणि प्लग घट्ट असेल, तर शेवटच्या दीड मीटरने स्वर उजळण्याचे कारण उरत नाही. सैल प्लगाने मात्र खरखर होते. पण त्याला नवा साधा प्लग पुरतो.

‘पण मला फरक ऐकू आला!’ असे म्हणणारा खोटे बोलत नसतो. अपेक्षा ऐकण्याला रंग देते. १७८४ साली पॅरिसमध्ये बेंजामिन फ्रँकलिन, लाव्हाझिए आदींच्या समितीने मेस्मर यांच्या चुंबकत्वाच्या उपचाराची परीक्षा घेतली, ती डोळे बांधूनच. उपचार चालू आहे असे वाटताच माणसांना परिणाम जाणवे. नकळत केलेला उपचार जाणवत नसे. हीच परीक्षा आपण घरी घ्यावी. यंत्र बंद करून कुटुंबातील कोणी नाणेफेकीनुसार वायर लावावी, आवाजाची पातळी तीच ठेवावी आणि आपण न पाहता दहा वेळा ओळखावे. निव्वळ अंदाजानेही निम्मी उत्तरे बरोबर येतात. नऊ-दहा आली, तर पुढचा विचार.

एका गोष्टीची मात्र थट्टा नको. स्पीकरमधून सतत ‘घूं’ असा नाद येत असेल, तर त्याचे कारण पुष्कळदा दोन यंत्रांच्या वेगवेगळ्या अर्थिंगमध्ये असते. आमच्या घरी एका दुरुस्तीवाल्याने यावर प्लगाची तिसरी पिनच काढून टाकली. नाद थांबला, पुढे पावसाळ्यात यंत्राच्या धातूच्या पेटीला हात लागताच झिणझिण्या आल्या. आतील आवरण फाटून वीज पेटीत उतरली, तर तिला जमिनीकडे नेणारी वाट तीच पिन असते. ती कधीही काढू नये. सर्व यंत्रे एकाच बोर्डावर जोडून पाहावीत. गुणगुण बहुधा तेवढ्यानेच जाते.

आणि आवाज वर्षागणिक मंद, बोथट वाटू लागला असेल, तर आधी कान तपासावेत. वयोमानाने उंच पट्टीचे स्वर प्रथम हरवतात. जवारीचा झंकार आणि ‘स’, ‘फ’ यांसारखी अक्षरे तेथेच राहतात. गेलेले ऐकू परत येत नाही, म्हणून राहिलेले जपावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी आठवड्यात ८० डेसिबलचा आवाज ४० तासांहून अधिक ऐकू नये. मुलांसाठी ही पातळी ७५ डेसिबल आहे.

आमच्या शेजारच्या काकांनी तिसरी वायर आणल्यावर काकूंनी त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेले. श्रवणचाचणीनंतर काका श्रवणयंत्र वापरू लागले आणि त्यांना तंबोरा पुन्हा भेटला. ती महागडी वायर सध्या नातवाच्या संगणकाला जोडलेली आहे. तेथेही ती उत्तम चालते.