कर्णाचे वाचक, पांडुरंगाचे वाचक

मराठी घरातील पुस्तकांच्या कपाटावरून त्या घराचा स्वभाव ओळखता येतो, असे म्हणण्याची एक पद्धत आहे. पुष्कळ घरांत 'मृत्युंजय' आणि 'कोसला' शेजारी शेजारी उभ्या असतात. पण दोन्हींवर सारखेच प्रेम करणारा वाचक मात्र क्वचित भेटतो. एकीचे नाव काढताच ज्याच्या डोळ्यांत पाणी येते, तो दुसरी चाळीस पानांवर मिटून ठेवतो. आणि दुसरी ज्याला तोंडपाठ आहे, तो पहिलीविषयी बोलताना ओशाळवाणे हसतो. ही दुफळी आज साठ वर्षांची झाली तरी मिटलेली नाही.

या दोन्ही कादंबऱ्या एकाच दशकातल्या, दोन तरुणांनी लिहिलेल्या. 'कोसला' १९६३ साली देशमुख आणि कंपनीने काढली, तेव्हा भालचंद्र नेमाडे पंचविशीत होते. 'मृत्युंजय' १९६७ साली आली. तिचे लेखक शिवाजी सावंत आजऱ्याचे, कोल्हापुरात शिक्षक, वय सत्तावीस. दोघेही मोठ्या शहरातील साहित्यवर्तुळांपासून दूरच्या मुलुखातले, एक खानदेशचा, दुसरा कोल्हापूरकडचा. म्हणजे ज्याला आज 'अभिजनांची आवड' आणि 'सामान्यांची आवड' असे म्हटले जाते, तो भेद निदान लेखकांच्या जन्मावरून तरी सिद्ध होत नाही.

भेद आहे तो वाचकाने कादंबरीकडे काय मागावे, यात.

'मृत्युंजय'ला मराठी वाचकाची पूर्वतयारी आयतीच मिळाली. वि. स. खांडेकरांची 'ययाती' १९५९ ची आणि रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ ची. पुराणातला किंवा इतिहासातला माणूस घ्यावा, त्याच्या अंतःकरणात शिरावे आणि त्याच्याच तोंडून किंवा त्याच्या जवळच्यांच्या तोंडून त्याची व्यथा सांगावी, ही रीत वाचकाला आवडू लागली होती. सावंतांनी ती पुढे नेली. कर्ण, कुंती, वृषाली, शोण, दुर्योधन आणि कृष्ण अशी सहा माणसे आळीपाळीने बोलतात. कर्णाला चार वेळा बोलायला मिळते, म्हणून एकूण नऊ भाग. ज्याला जन्मभर बोलू दिले नाही, त्याला अखेर भरपूर बोलू देणे, हेच या कादंबरीचे आकर्षण आहे. जातीवरून, कुळावरून, नोकरीच्या ठिकाणी वा सोयरिकीच्या बैठकीत ज्याला कधी ना कधी 'तू कोण?' असे विचारले गेले, त्या प्रत्येकाला कर्ण आपला वाटतो. असा वाचक महाराष्ट्रातच नव्हे, हिंदीतही मोठ्या संख्येने निघाला.

तिच्यावरचे आक्षेपही वाचकांनीच घेतले, समीक्षकांनी एकट्याने नव्हे. भाषा सतत उंच पट्टीत राहते, उपमांची गर्दी होते, आणि मुख्य म्हणजे द्यूतसभेतील कर्णाचे वर्तन नायकत्वाच्या तेजात झाकोळून जाते, असे म्हणणारे जुने वाचक पुष्कळ आहेत. योगायोग असा की, त्याच १९६७ साली इरावती कर्वे यांचे 'युगान्त' प्रसिद्ध झाले. तेही महाभारतावर, त्यातही कर्णावर लेख. पण तिथे कर्णाला कसलीही सूट नाही. एकाच वर्षी मराठी वाचकाच्या हाती दोन कर्ण आले. 'युगान्त'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि लोकांनी हृदयाशी धरला तो सावंतांचा कर्ण. यात वाचक चुकला असे म्हणण्याची घाई करू नये. विश्लेषण आणि सांत्वन या दोन निरनिराळ्या गरजा आहेत, आणि सांत्वनाची गरज हलकी मानण्याचे कारण नाही.

'कोसला'पाशी सांत्वन नाही. सांगवीच्या सधन शेतकऱ्याचा मुलगा पांडुरंग सांगवीकर शिकायला पुण्यात येतो, वसतिगृहात राहतो, पैसे उडवतो, नापास होतो आणि गावी परततो. घडते ते एवढेच. 'यात गोष्ट कुठे आहे?' हा प्रश्न १९६३ साली विचारला गेला आणि अजूनही विचारला जातो. बोलता बोलता अर्ध्यावर सोडलेली वाक्ये, 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' यांची पखरण, रोजनिशीचे तुकडे, इतिहासलेखनाची थट्टा हे सारे खांडेकरांच्या घोटीव वाक्यांवर वाढलेल्या वाचकाला बेशिस्त वाटणे स्वाभाविक होते. पण खेड्यातून पुण्यात आलेल्या मुलाला ही बेशिस्त आपल्याच डोक्यातली वाटली. शिक्षणाने आपल्याला गावचेही ठेवले नाही आणि शहराचेही केले नाही, ही गोष्ट त्याला तोवर कुणी छापून दाखवली नव्हती. वसतिगृहांच्या खोल्यांतून 'कोसला' एकाकडून दुसऱ्याकडे गेली ती त्यामुळे, आणि 'कोसला'सारखे बोलणारे तरुण निघाले तेही त्यामुळेच. (असे बोलणे काही काळाने ऐकवत नाही, हा भाग वेगळा.)

पुढे पारितोषिकांनी या वादाचा निकाल लावला असे कुणाला वाटले, तर तेही खरे नाही. मराठीला पहिले ज्ञानपीठ १९७४ चे, ते खांडेकरांना; २०१४ चे ज्ञानपीठ नेमाड्यांना. ज्या परंपरेविरुद्ध 'कोसला' उभी राहिली असे मानले जाते, त्या परंपरेला आणि 'कोसला'च्या लेखकाला एकाच व्यासपीठाने मान दिला. नेमाड्यांनी आपल्या समीक्षेत रंजनप्रधान कादंबरीची कठोर हजेरी घेतली. त्या समीक्षेलाही, 'टीकास्वयंवर'ला, १९९१ साली अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण 'मृत्युंजय'चा खप त्याने थांबला नाही.

आजच्या तरुण वाचकांचे आक्षेप मात्र नवे आहेत आणि ते ऐकण्यासारखे आहेत. पांडुरंगाच्या जगात स्त्रिया जवळजवळ नाहीत. आहेत त्या घरच्या, आणि त्यांना स्वतःचा आवाज थोडा. त्याचे बंड वडिलांच्या पैशावर चालते, हेही आता पटकन लक्षात येते. विशीत वाचताना वडील जुलमी वाटतात. मुलाचे वसतिगृहाचे शुल्क भरण्याच्या वयात तीच पाने उघडली, तर त्या कंजूष, करारी माणसाची बाजूही दिसू लागते. पुस्तक तेच असते, वाचक दुसऱ्या खुर्चीत बसलेला असतो.

उलट 'मृत्युंजय' ज्यांनी शाळकरी वयात भारावून वाचली, त्यांतले कित्येक पुन्हा वाचताना कर्णापेक्षा वृषाली आणि शोण यांच्या भागांपाशी थांबतात. दानशूर, पराक्रमी माणसाच्या घरात राहणाऱ्यांचे काय होते, हे तिथे आहे.

या दोन गटांतले वाचक एका जागी मात्र फारसे भांडत नाहीत. 'कोसला'त पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते, तो भाग. एरवी प्रत्येक गोष्टीची टर उडवणारा हा मुलगा तिथे टर उडवू शकत नाही, आणि त्याचे तुटक, अडखळते बोलणे शोकाचेच बोलणे होऊन बसते. 'कोसला' अर्धवट सोडलेल्यांनाही ही पाने ठाऊक असतात, कारण कुणीतरी ती त्यांना मोठ्याने वाचून दाखवलेली असतात.