काळा पट्टा किती दिवसांचा?



आज बचतीचा विषय नाही आणि शेळीपालनाचाही नाही. आज विषय आहे पट्ट्याचा. कराटे शिकणाऱ्या मुली कमरेला बांधतात, तो पट्टा.

झालं असं, की दिवाळीच्या आधी आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं. अडीच हजार रुपये. कारण विचारलं तर म्हणाल्या, "मुलीची पट्ट्याची परीक्षा आहे." मुलगी तालुक्याच्या गावी कराटेच्या क्लासला जाते. क्लासच्या सरांनी सांगितलं होतं की दोन पट्ट्यांची परीक्षा एकदमच द्या, म्हणजे वर्षभरात काळा पट्टा हातात. बैठकीत लगेच दोन बाजू पडल्या. कुणी म्हणालं, पोरीच्या संरक्षणाचं काम आहे, द्या पैसे. कुणी म्हणालं, शेळीला कर्ज दिलं तर करडं होतात, पट्ट्याला दिलं तर काय होतं? आम्हालाही नीट उत्तर देता आलं नाही. कारण पट्टा म्हणजे नेमकं काय, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. विषय पुढच्या बैठकीवर गेला.

योग असा, की दिवाळीला गटातल्या एका मावशींची भाची आली. ती जपानमध्ये टोकियोला नोकरी करते आणि तिथे आठवड्यातून दोन संध्याकाळी आयकिदो शिकते. कराटेसारखीच ही जपानची एक विद्या. आम्ही तिला बैठकीला बोलावलं आणि चहा संपायच्या आत बायकांनी प्रश्नांचा भडिमार केला. तिने सांगितलेलं आणि नंतर आम्ही स्वतः माहिती काढून पडताळलेलं, ते आज तुम्हाला सांगतो.

आयकिदो उभा केला मोरिहेई उएशिबा यांनी. त्यांचा जन्म १८८३ सालचा, मृत्यू १९६९ सालचा. समोरचा अंगावर आला की त्याला तसाच उलटा धक्का द्यायचा नाही. त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं, त्याचाच जोर वळवायचा आणि त्याला खाली घ्यायचं किंवा धरून ठेवायचं, अशी ही रीत. या विद्येची मोठी संस्था म्हणजे आयकिकाई. तिच्या आयकिदोत स्पर्धा नसतात. त्यामुळे पदक नाही, की कुणाला हरवून पुढे जाणं नाही. मग मोठं कोण आणि धाकटं कोण, हे ठरतं कशावरून? आमचा प्रश्नही तोच होता.

शिकायच्या जागेला दोजो म्हणतात. भाचीचा दोजो म्हणजे काही मोठी इमारत नाही. त्यांच्या भागातलं सार्वजनिक क्रीडागृह आहे, तिथली एक खोली ठरलेल्या वेळी मिळते. चटयांसारख्या जाड गाद्या सगळ्यांनी मिळून अंथरायच्या आणि तास संपला की सगळ्यांनी मिळून उचलायच्या. झाडायचंही सगळ्यांनी. काळा पट्टा आहे म्हणून झाडू सुटत नाही.

आत जाताना वाकून नमस्कार करायचा. आपण वज्रासनात बसतो तसं ओळीत बसायचं. मग अंग मोकळं करायचं. आणि त्यानंतर पहिला धडा कशाचा असेल? बायका म्हणाल्या, हात पिरगाळायचा असेल. नाही. पहिला धडा पडायचा.

हो, पडायला शिकवतात. मागे पडताना हनुवटी छातीला लावायची, म्हणजे डोकं आपटत नाही. पुढे पडताना हात गोल करायचा आणि हाताच्या कडेवरून, खांद्यावरून, पाठीवरून तिरकं घरंगळत उठायचं. आधी बसून, मग गुडघ्यावरून, मग उभ्याने. याला ते उकेमी म्हणतात. भाची सांगत होती, पहिले दोन महिने ती घरी येऊन खांदा चोळत बसायची. एके दिवशी जमलं आणि तेव्हापासून पडायची भीती गेली. (मुलींनो, हे अंगणात दगडमातीवर करून बघू नका. गादी आणि शिकवणारं माणूस, दोन्ही असल्याशिवाय नाही.)

मग जोड्या लागतात. सर किंवा बाई एक डाव करून दाखवतात. जोडीतली एक जण हल्ला करते, म्हणजे मनगट धरते किंवा हात उगारते, आणि दुसरी डाव करते. उजवीकडून, डावीकडून, आणि मग अदलाबदल. आता पहिलीने डाव करायचा आणि दुसरीने पडायचं. कायम पाडणारी कुणी नाही, कायम पडणारीही कुणी नाही. दुखायला लागलं की हाताने गादीवर थाप मारायची. थाप ऐकली की समोरच्याने त्या क्षणी सोडायचं. तिथे मोठा पट्टा, छोटा पट्टा बघायचा नाही. जुन्या माणसाने नव्याबरोबर जोडी करायची आणि त्याला झेपेल एवढाच जोर लावायचा.

आता पायऱ्यांचं. काळ्या पट्ट्याच्या आधीच्या पायरीला क्यू म्हणतात, नंतरच्या पायरीला दान. क्यूची मोजणी उलटी चालते. पाचव्या क्यूपासून सुरुवात करून पहिल्या क्यूपर्यंत यायचं. त्यानंतर पहिला दान, दुसरा दान, असं वर जायचं. ही पद्धत आली ज्युदोमधून. जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्युदो सुरू केला आणि पुढच्याच वर्षी पहिले दान दिले. दान हा शब्द त्यांनी 'गो' नावाच्या पटावरच्या खेळातून घेतला होता.

आता नीट ऐका, कारण आमचं उत्तर इथे सापडलं. आयकिकाईच्या टोकियोतल्या मुख्य दोजोत परीक्षेला बसायची अट दिवसांमध्ये लिहिलेली आहे. पाचव्या क्यूसाठी किमान ३० दिवस सराव. तिथून चौथ्यासाठी ४० दिवस. तिसऱ्यासाठी ५०, दुसऱ्यासाठी ५०, पहिल्यासाठी ६०. आणि पहिल्या दानसाठी आणखी ७० दिवस, शिवाय वय किमान १५ वर्षं. हे दिवस कॅलेंडरचे नाहीत, हजेरीचे आहेत. दोजोत येऊन गादीवर उतरलात तर एक दिवस.

आमच्या हिशोबनीस ताईंनी तिथेच बेरीज केली. सगळे मिळून ३०० दिवस. आठवड्यातून दोन दिवस गेलं तर वर्षाचे साधारण १०० भरतात. म्हणजे एकही खाडा न करता तीन वर्षं. आठवड्यातून एकच दिवस गेलं तर सहा वर्षं. आणि हे झालं परीक्षेला बसण्यापुरतं. पुढे दुसऱ्या दानसाठी एक वर्ष आणि आणखी २०० दिवस लागतात.

बहिणींनो, हे ऐकून आम्हाला आपली पंचसूत्री आठवली. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड आणि नियमित हिशोब लेखन. फिरता निधी मिळण्याआधी आपल्या गटाची प्रतवारी होते, तेव्हा साडी कुणाची भारी आणि बोलतं कोण छान, हे बघतात का? रजिस्टर बघतात. किती बैठका झाल्या, किती जणी आल्या, कर्ज वेळेवर फिरलं का. पट्ट्याचंही तेच आहे. मागच्या दिवसांची नोंद कमरेला बांधलेली.

भाचीने परीक्षेचंही सांगितलं. नाव पुकारलं की पुढे जाऊन बसायचं, नमस्कार करायचा. परीक्षक हल्ल्याचं आणि डावाचं नाव घेतात, ते जोडीदाराबरोबर करून दाखवायचं. ती एकदा डावं-उजवं चुकली आणि गोंधळली. तिला थांबायला सांगितलं आणि पुन्हा सराव करून यायला सांगितलं. घरी येऊन रडली. पुढच्या आठवड्यात परत गेली. कुणी हसलं नाही, कारण तिथल्या बऱ्याच जणांवर ती वेळ येऊन गेली होती.

आणि काळा पट्टा मिळाला की काय होतं? पहिल्या दानला शोदान म्हणतात. त्यातल्या 'शो'चा अर्थ सुरुवात. इतके दिवस अक्षरं गिरवली, आता वाचायला लागायचं, एवढाच त्याचा अर्थ.

यावर एका आजींनी फार मोलाचं विचारलं. "हजेरी पूर्ण भरली आणि तरीही बाईला वर चढू दिलं नाही तर?"

असंही घडलेलं आहे. आयकिदोत नाही, ज्युदोत. केइको फुकुदा या बाईंचा जन्म १९१३ सालचा. उंची पाच फुटांच्या आत. १९३५ साली त्या ज्युदो शिकायला लागल्या. लग्न केलं असतं तर ज्युदो सोडावा लागला असता, म्हणून त्या अविवाहित राहिल्या. १९५३ साली पाचव्या दानवर पोचल्या आणि तिथेच अडकल्या, कारण बाईला पाचव्याच्या वर न्यायचं नाही असा नियम होता. त्यांच्याबरोबरचे पुरुष वर जात राहिले. फुकुदाबाई शिकवत राहिल्या, पुढे अमेरिकेत जाऊन तिथल्या बायकांनाही शिकवलं. लोकांनी पत्रं लिहून त्या नियमाविरुद्ध आवाज उठवला. शेवटी १९७२ साली त्यांना सहावा दान मिळाला, असा मान मिळालेल्या पहिल्या बायकांपैकी त्या एक. २०११ साली अमेरिकेतल्या ज्युदो संस्थेने त्यांना दहावा दान दिला, तेव्हा त्या ९८ वर्षांच्या होत्या. २०१३ साली त्या गेल्या. म्हणजे हजेरी आपण भरायची, आणि नियमच वाकडा असेल तर तो बदलायला सगळ्यांनी मिळून बोलायचं. दोन्ही लागतं.

आता आपल्या कर्जाकडे येऊ. पुढच्या बैठकीत आम्ही त्या मुलीलाच बोलावलं. आतापर्यंत किती दिवस गेलीस, म्हणून विचारलं. तिने वहीत लिहून ठेवले होते, ४१ दिवस. शेताच्या कामामुळे मध्ये खाडे झाले होते. ती स्वतःच म्हणाली, "मला दोन पट्टे एकदम नकोत. मला नीट येत नाही अजून." बैठकीत कुणी काही बोललं नाही. मग ठरलं, की परीक्षेसाठी नाही, पण सहा महिन्यांच्या फीसाठी आणि बसभाड्यासाठी कर्ज द्यायचं. ठरावावर सगळ्यांच्या सह्या झाल्या, नको म्हणणाऱ्यांच्यासुद्धा.

तुमच्या गावात असा क्लास असेल, शाळेत मुलींसाठी स्वसंरक्षणाचं शिबिर असेल, तर जरूर पाठवा. पण आधी जाऊन एक तास बसून बघा आणि विचारा. पडायला शिकवता का? थाप मारली की सोडतात का? हजेरीचं रजिस्टर आहे का? एका पट्ट्यापासून दुसऱ्यापर्यंत किती दिवसांचा सराव लागतो? परीक्षेत कुणी नापास होतं का? सगळेच पास होत असतील, तर ती परीक्षा नाही, पावती आहे.

आणि मुलींनो, एक लक्षात ठेवा. पट्टा कोणताही असो, खरंच प्रसंग आला तर आधी ओरडायचं, पळायचं आणि माणसांत यायचं. ११२ हा नंबर पाठ करा. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हेही नंबर घरात भिंतीवर लिहून ठेवा.

ती मुलगी परवा भेटली. आम्ही विचारायच्या आधीच म्हणाली, "ताई, ५८ झाले." पट्ट्याचं नाव तिने काढलं नाही, आम्हीही काढलं नाही.