धर्मापुरीचा पत्ता : पोस्टातला आणि पडद्यावरचा

धर्मापुरी हे नाव काही आपल्या एकट्याचे नाही. तेलंगणात गोदावरीकाठी नरसिंहाच्या देवळासाठी प्रसिद्ध असलेली धर्मपुरी आहे. तमिळनाडूत तर धर्मपुरी नावाचा अख्खा जिल्हाच आहे! मग पाकिटावर नुसते गावाचे नाव लिहिले, तर टपाल कुठं जायचं?

ही अडचण सोडवली एका मराठी माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मोठे अधिकारी, शिवाय संस्कृतचे कवी. त्यांनी आखलेले पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाले. आकडे सहाच. पहिला देशाचा विभाग सांगतो, आपला ४. शेवटचे तीन थेट टपाल कचेरीपर्यंत नेतात. अंबाजोगाईचा पिन ४३१५१७. लिहिणाऱ्याचे अक्षर वेडेवाकडे असले तरी चालते, आकडा मात्र बरोबर हवा.

इंटरनेटचेही असेच आहे. जोडलेल्या प्रत्येक यंत्राला आकडी पत्ता लागतो. जुन्या पद्धतीत असे पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात. तेवढे पुरणार कसे? ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या कोठारातले शेवटचे मोठे गठ्ठे वाटून संपले. म्हणून आता पुष्कळ ठिकाणी एकच पत्ता अनेक जण मिळून वापरतात. नवी पद्धतही आली आहे. तिच्यातल्या पत्त्यांची नुसती संख्या लिहायची म्हटली तरी ३९ अंक लागतात!

पण एवढे आकडे ध्यानात कोण ठेवणार? १९८३ साली त्यावर नावांची युक्ती निघाली. आपण फोनमध्ये मामाचे नाव दाबतो आणि नंबर आपोआप लागतो, तसेच हे. आधी ही नावे इंग्रजी अक्षरांतच असत. २७ ऑगस्ट २०१४ ला देवनागरीतले 'डॉट भारत' सुरू झाले, त्यात मराठीही आहे. मात्र यंत्राला माया नाही. 'पु' ऱ्हस्व लिहिला की एक पत्ता, दीर्घ लिहिला की दुसराच. गुरुजी एक गुण कापून सोडून देतात, यंत्र भलत्याच दारात नेऊन उभे करते.

पालकांनी इथे जरा थांबून वाचावे. भामटे लोक याचाच फायदा घेतात. बँकेसारखे दिसणारे पान बनवतात, पत्त्यात बँकेचे नावही घालतात. पत्ता पाहायचा तो टपालवाल्यासारखा, शेवटाकडून. पहिली तिरकी रेघ येण्याआधी शेवटी काय आहे, तेच खरे गाव. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली सर्व बँकांना 'बँक डॉट इन' असा शेवट असलेले पत्ते घ्यायला लावले. त्याच्यापुढे आणखी डॉट देऊन काही जोडलेले दिसले, तर ते घर बँकेचे नव्हे.

फोनचा पडदा अरुंद, त्यामुळे लांब पत्त्याचे शेपूट कापले जाते, आणि पाहायचे असते नेमके तेच. आता तर घड्याळात आणि चष्म्यात पडदे येऊ लागले आहेत. तिथे पत्ता दिसणार तरी कुठे? म्हणून पैशाचे काम असेल तेव्हा निरोपातल्या दुव्यावर बोट ठेवू नये, पत्ता स्वतः लिहावा.

फसवणूक झालीच, तर १९३० या नंबरावर लगेच फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकत जातात.