तारेचा दोर: निवड आणि निगा

दसऱ्याच्या मिरवणुकीसाठी म्हैसूरच्या राजवाड्यात हत्तीच्या पाठीवर सुमारे 750 किलो वजनाची सुवर्ण अंबारी चढविली जाते. प्रथम जाड गादी, तिच्यावर अंबारी, आणि हे सारे आवळून धरणारे दोर. पोलादी तार या दोरांहून कितीतरी बळकट असते. परंतु ती प्राण्याच्या कातडीत रुतेल. त्याच म्हैसूर संस्थानात, कोलारच्या सुवर्णखाणींत, परिस्थिती नेमकी उलट होती. 2001 साली त्या बंद झाल्या तेव्हा तेथील खोदाई तीन किलोमीटरहूनही खोल गेलेली होती. अशा खाणीत माणसे व दगड वरखाली नेणाऱ्या पाळण्याला पोलादी तारेचाच दोर लागतो. 20 मिलीमीटर व्यासाचा असा एक किलोमीटर दोर स्वतःच सुमारे दीड टन वजनाचा भरतो, म्हणजे ओझ्याआधी त्याला स्वतःलाच उचलावे लागते.

तारेचा दोर जन्मला तोही खाणीतच. जर्मनीतील हार्झ पर्वतातल्या खाणींत साखळ्या वापरीत असत, आणि त्या अवचित तुटत. साखळीची एक कडी गेली की सारी साखळी गेली. विल्हेल्म आल्बेर्ट या खाण-अधिकाऱ्याने 1834 साली लोखंडी तारांना पीळ देऊन दोर बनविला. एक तार तुटली तरी तिचा भार शेजारच्या तारा वाटून घेतात, आणि तुटलेली तार दोराच्या अंगावर काट्यासारखी उभी राहून पुढील संकटाची सूचना देते. तारेच्या दोराचा खरा गुण हा आहे; नुसती ताकद साखळीतही असते. 10 ऑगस्ट 2024 च्या रात्री होसपेटजवळ तुंगभद्रा धरणाच्या 19 क्रमांकाच्या दाराची साखळी तुटली आणि ते अजस्र दार पाण्याबरोबर वाहून गेले.

दोराची सूचना मात्र पाहणाऱ्यालाच मिळते. गुजरातेत मोरबी येथील झुलता पूल 30 ऑक्टोबर 2022 रोजी कोसळला आणि 135 माणसे मृत्युमुखी पडली. त्याच्या मुख्य दोरात सात-सात तारांचे सात पेड, म्हणजे एकंदर 49 तारा होत्या. त्यांपैकी 22 तारा गंजलेल्या असून त्या बहुधा दुर्घटनेपूर्वीच तुटल्या असाव्यात, असे विशेष तपास पथकाला आढळून आले. जवळजवळ निम्मा दोर आधीच निकामी झाला होता. पुलावरील फळ्या काढून ॲल्युमिनियमचे तक्ते बसविण्यात आले होते, त्यांचे वजनही त्याच दोरावर आले.

गंज हाच शत्रू असेल तर न गंजणारे पोलाद का वापरू नये, असा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो. अगंज पोलाद, म्हणजे व्यवहारातले स्टेनलेस स्टील, 1913 साली शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांच्या प्रयोगांतून पुढे आले. त्यातील क्रोमियमचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर एक अतिसूक्ष्म पापुद्रा तयार होतो आणि तो आतील धातूचे रक्षण करतो. ओरखडा पडला तरी पापुद्रा पुन्हा धरतो; मात्र त्यासाठी ऑक्सिजन मिळाला पाहिजे. जेथे ओलावा आहे आणि हवा नाही, अशा सांदीत, उदाहरणार्थ प्लॅस्टिकच्या वेष्टनाखाली किंवा टोकाच्या बंदिस्त नळीत, अगंज पोलादही झिजते. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यातील क्लोराइड हा पापुद्रा भेदते. म्हैसूर समुद्रापासून दूर आहे. तेथील घराच्या गच्चीच्या कठड्याला 304 या प्रतीचा दोर पुरेसा होतो. मालवण किंवा कारवार येथे तोच दोर थोड्याच काळात तपकिरी डागांनी भरतो. तेथे दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असलेली 316 ही प्रत घ्यावी, आणि तीही अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावी.

गंजाचे ओघळ दिसत नाहीत म्हणून अगंज पोलाद निर्धोक असते, ही समजूत तर फारच घातक आहे. स्वित्झर्लंडमधील उस्टर येथे 9 मे 1985 रोजी पोहण्याच्या तलावावरील काँक्रीटचे छत कोसळून बारा जण ठार झाले. छत अगंज पोलादाच्या सळयांना टांगलेले होते. तलावाच्या हवेतील क्लोराइड व सळयांवरील ताण यांमुळे त्यांना आतल्या आत तडे गेले होते. साधे लोखंड निदान गंजाची खूण तरी दाखविते.

दोराची घडणही कामाप्रमाणे निवडावी लागते. एकोणीस जाड तारांचा एकच पेड असलेला दोर ताठ असतो आणि कमी ताणतो. कठडा किंवा ताण देऊन उभा केलेला खांब यांसाठी तो योग्य. सात पेडांचा, प्रत्येकी एकोणीस बारीक तारांचा दोर लवचीक असतो, म्हणून तो कप्पीवरून फिरविता येतो. परंतु सतत वळणाऱ्या दोरासाठी अगंज पोलाद फारसे सोयीचे नाही. वारंवार वाकल्याने धातू थकतो, आतील तारा एकमेकींवर घासतात आणि बाहेरून चकचकीत दिसणारा दोर आतून तुटू लागतो. याच कारणाने उद्वाहक व यारी यांना आजही वंगण दिलेले साध्या पोलादाचे दोर घालतात. तरीही अगंज दोर कप्पीवर चालवावयाचाच असेल, तर कप्पीचा व्यास दोराच्या व्यासाच्या निदान वीस-पंचवीस पट असावा. लहान कप्पीने वाचलेले पैसे दोराच्या आयुष्यातून वसूल होतात!

दोर तुटण्याचा जो भार उत्पादक सांगतो, त्याच्या एक-पंचमांशाहून अधिक ओझे उचलू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. माणसे वाहून नेताना हे प्रमाण याहूनही कडक असते. शिवाय तो भार अखंड दोराचा असतो. टोकाला फास करून तो घोड्याच्या नालेसारख्या क्लिपांनी आवळला, तर नीट केलेल्या बांधणीतही सुमारे एक-पंचमांश ताकद कमी होते. क्लिपचे सपाट बूड भार घेणाऱ्या दोरावर यावे आणि वाकडी पट्टी मोकळ्या टोकावर. उलटे बसविल्यास पट्टी भाराच्याच तारा चेपते. अगंज दोराला साध्या लोखंडाच्या क्लिपा लावणे ही नित्याची काटकसर आहे. दोन भिन्न धातू ओलाव्यात एकत्र आले की क्लिपाच आधी कुजतात, आणि दोर शाबूत असूनही गाठ सुटते.

तपासणी मधल्या भागापेक्षा टोकांशी, कप्पीवर येणाऱ्या जागी आणि जेथे दोर कशावर तरी टेकतो तेथे अधिक काळजीने करावी. प्रथम भार उतरवावा, हातात जाड चामडी मोजे घालावेत आणि सुती चिंधी दोराभोवती धरून ती सावकाश ओढीत न्यावी. तुटलेली तार डोळ्यांना दिसली नाही तरी तिच्यात धागा अडकतो. तेथे खूण करून तारा मोजाव्यात. एकाच ठिकाणी अनेक तारा तुटल्या असतील, व्यास एकाएकी बारीक झाला असेल किंवा पीळ उकलून पेड पिंजऱ्यासारखे फुगले असतील, तर तो दोर बदलावा. काढलेल्या दोराचे तत्काळ लहान तुकडे करावेत. अन्यथा कोपऱ्यात पडलेला तो चकाकता दोर पुढल्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या तरी ओझ्याला बांधला जातो.