वाचकाची नोंद, ग्रंथाची नोंद: विद्यापीठ ग्रंथालयातील व्यक्तिगत ऑनलाइन सेवा

विद्यापीठ ग्रंथालयातील व्यक्तिगत ऑनलाइन सेवा म्हणजे एकच ग्रंथसंग्रह प्रत्येक वाचकाला त्याच्या गरजेप्रमाणे दाखवण्याची व्यवस्था. ग्रंथ तेच, तालिका तीच. पण आपल्या खात्यात शिरल्यावर एकाला नावावरची पुस्तके आणि परतीच्या तारखा दिसतात, दुसऱ्याला मागितलेले पुस्तक देवघेव विभागात येऊन थांबल्याचा निरोप मिळतो, तर तिसऱ्याच्या ईमेलवर त्याच्या संशोधनविषयावर नव्याने दाखल झालेल्या साहित्याची यादी येते. या साऱ्याच्या मुळाशी दोन नोंदी असतात: एक वाचकाची, दुसरी ग्रंथाची. संगणक त्या एकमेकींशी ताडून पाहतो. त्यामुळे सेवेचा दर्जा संगणकापेक्षा या दोन नोंदी किती काळजीने केल्या आहेत यावर ठरतो.

ही कल्पना इंटरनेटपेक्षा जुनी आहे. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, हे सूत्र एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत मांडले. आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी 1958 मध्ये त्याला यंत्राची जोड सुचवली. प्रत्येक व्यक्तीच्या कामाशी संबंधित शब्दांची यादी करायची, नवीन कागदपत्रांतील शब्द तिच्याशी ताडायचे, जुळेल तेवढेच त्या व्यक्तीकडे पाठवायचे आणि तिने काय स्वीकारले हे पाहून यादी सुधारत जायचे, अशी ती योजना होती. ग्रंथालयांत ती निवडक माहिती प्रसारण या नावाने रुजली. 1990 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाने आणि पुढे कॉर्नेल विद्यापीठाने ‘मायलायब्ररी’ नावाची वैयक्तिक पाने सुरू केली. पान आपल्या मनाप्रमाणे मांडून घेण्याची मुभा असली तरी बहुतेक वाचक ते मिळाले तसेच वापरतात, हा धडा अशा प्रयोगांतून मिळाला. म्हणून खाते उघडताच काय दिसावे, हे ग्रंथपालाला आधीच विचारपूर्वक ठरवावे लागते.

गोव्यात या सेवेची गरज भूगोलातूनच निर्माण होते. 1984 च्या कायद्याने स्थापन झालेले गोवा विद्यापीठ 1 जून 1985 रोजी सुरू झाले. त्यापूर्वी पदव्युत्तर शिक्षणासाठी पणजीत मुंबई विद्यापीठाचे केंद्र होते. आज विद्यापीठ आणि त्याचे ग्रंथालय पणजीलगत ताळगावच्या पठारावर आहे, तर संलग्न महाविद्यालये राज्यभर विखुरलेली आहेत. पेडणे तालुक्यात विर्नोड्याला संत सोहिरोबानाथ आंबिये शासकीय महाविद्यालय आहे, डिचोली तालुक्यात साखळीला शासकीय महाविद्यालय आहे. पेडण्याहून म्हापसामार्गे पठारावर यायचे तर एकेरी प्रवास तीस किलोमीटरहून अधिक होतो. पुस्तक जागेवर आहे की कुणी नेले आहे, हे घरबसल्या कळले आणि मुदतवाढ फोनवरून घेता आली, तर त्या वाचकाची एक खेप वाचते. आवाराबाहेरच्या वाचकासाठी ऑनलाइन खाते हीच देवघेवीची खिडकी असते.

वाचकाची नोंद प्रवेशाच्या वेळी तयार होते. तिच्यात नाव, विभाग, अभ्यासक्रम, सभासदाचा वर्ग, मुदत संपण्याची तारीख, ईमेल, मोबाइल आणि ओळखपत्रावरील बारकोड असतो. यात सभासदाचा वर्ग सर्वांत महत्त्वाचा. पदवीचा विद्यार्थी, पदव्युत्तर विद्यार्थी, पीएच.डी. संशोधक आणि प्राध्यापक यांना किती पुस्तके, किती दिवस आणि किती वेळा मुदतवाढ मिळणार, हे त्यावर ठरते. ईमेल आणि मोबाइल साधे वाटतात, पण सेवा अडते ती तिथेच. प्रवेश-अर्जात वडिलांचा क्रमांक किंवा फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराने तेवढ्यापुरता उघडलेला ईमेल असेल, तर सगळे निरोप निघतात आणि वाचकापर्यंत एकही पोचत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत चाचणी संदेश पाठवून तो आल्याची खात्री करणे हा चांगल्या कामाचा भाग आहे.

संशोधकाच्या नोंदीला आणखी एक पदर असतो, तो म्हणजे त्याच्या आवडीच्या विषयांचा आराखडा. तो अर्जातील एका रकान्यातून मिळत नाही. त्यासाठी संदर्भ ग्रंथपालाला संशोधकाशी समोरासमोर बोलावे लागते. पेडणे महालाच्या इतिहासावर काम करणाऱ्याने नुसते ‘इतिहास’ लिहिले, तर त्याच्यावर असंबद्ध याद्यांचा मारा होईल आणि महिन्याभरात तो त्या उघडायचेही सोडून देईल. उलट नुसते ‘पेडणे’ लिहिले, तर वर्षभर काहीच येणार नाही, कारण या भागाची माहिती अनेकदा इतर नावांच्या ग्रंथांत दडलेली असते. पेडणे 1788 मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. त्याआधी ते सावंतवाडीच्या सत्तेखाली होते. त्यामुळे आराखड्यात सावंतवाडीचे भोसले, नव्या काबिजादी (पोर्तुगीजांनी नंतरच्या काळात मिळवलेले प्रदेश), पेडण्याचे देशप्रभू घराणे आणि देवस्थाने हे शब्द येतात, आणि भाषांत मराठी, कोकणी, पोर्तुगीज व इंग्रजी या चारही येतात. महिन्याभरानंतर आलेल्या याद्यांपैकी कामाच्या कोणत्या होत्या हे विचारून आराखडा पुन्हा दुरुस्त करायचा असतो.

ग्रंथाची नोंद अधिक किचकट आहे. बहुतेक विद्यापीठ ग्रंथालये ती मार्क 21 या आंतरराष्ट्रीय साच्यात करतात. त्यात प्रत्येक माहितीला क्रमांकाचे घर ठरलेले असते: 100 मध्ये मुख्य लेखक, 245 मध्ये शीर्षक, 650 मध्ये विषय, 651 मध्ये विषय असलेले स्थळ. 880 या घरात तीच माहिती दुसऱ्या लिपीत देता येते. पेडण्यावरच्या पुस्तकाच्या नोंदीत 651 रिकामे राहिले आणि शीर्षकात गावाचे नाव नसेल, तर ते पुस्तक कपाटात असूनही ज्याला हवे त्याच्यापर्यंत कधीच पोचत नाही.

गोव्यात या कामाला लिप्यांचा आणि लेखनपद्धतींचा पेच आहे. मराठीत जे डिचोली, ते कोकणीत दिवचल आणि जुन्या पोर्तुगीज ग्रंथांत ‘बिशोली’च्या वळणाने रोमन लिपीत लिहिलेले असते. मराठी पेडणे कोकणीत अनुस्वार घेऊन पेडणें होते. मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम 1962 मध्ये आले. त्याआधीच्या पुस्तकाच्या शीर्षकात ‘गोमंतकांतील’ असे छापलेले असते. वाचक ‘गोमंतकातील’ असे शोधतो, आणि एका अनुस्वारापायी जुने पुस्तक हुकते. पणजीत छापलेल्या जुन्या पुस्तकांवर प्रकाशनस्थळ म्हणून ‘नोव्हा गोवा’ असते. काही शोधयंत्रे अनुस्वाराचा फरक सोडून देऊ शकतात. पण डिचोली आणि दिवचल एकच आहेत, हे कुणीतरी सांगितल्याशिवाय संगणकाला कळत नाही.

ते सांगण्यासाठी प्राधिकृत नामनोंद असते. तिच्यात व्यक्तीचे किंवा स्थळाचे एक रूप प्रमाण मानतात आणि बाकीची रूपे त्याच्याशी बांधतात, म्हणजे कोणत्याही रूपाने शोधले तरी वाटा एकाच ठिकाणी येतात. सत्तरी तालुक्यातील पिसुर्ले गावचे इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर हे याचे नेमके उदाहरण. त्यांनी मराठी, पोर्तुगीज आणि इंग्रजी अशा भाषांत लिहिले. पोर्तुगीज ग्रंथांवर त्यांच्या नावात दोन ‘एस’ आणि शेवटी ‘सी’ने सुरू होणारा ‘कार’ येतो; इंग्रजी उल्लेखांत तिथे ‘के’ येतो; मराठी ग्रंथांवर नाव देवनागरीत असते. त्यांचा ग्रंथसंग्रह गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. नामनोंद बांधलेली नसेल तर एकाच लेखकाचे तीन लेखक होतात, आणि मराठीतून शोधणाऱ्याला त्यांचे पोर्तुगीज लेखन दिसतच नाही.

दोन्ही नोंदी तयार झाल्या की ताडणीचे काम बहुधा रात्री आपोआप चालते. न्यूझीलंडमध्ये तयार झालेली आणि 2000 पासून वापरात आलेली कोहा ही मुक्त संगणकप्रणाली भारतातील अनेक ग्रंथालयांत आहे. तिच्यावरून हे काम समजून घेता येते. ठरलेल्या वेळी प्रणाली परतीच्या तारखा तपासते. मुदत जवळ आली असेल तर आधी स्मरणपत्र जाते, उलटली असेल तर सूचना जाते आणि दंडाची नोंद होते. पुस्तकासाठी इतर वाचकांची रांग असेल तर मुदतवाढ नाकारली जाते. पुस्तक परत आल्यावर देवघेव विभागात बारकोड वाचला जातो, तेव्हा पडद्यावर रांगेतील पहिल्या वाचकाचे नाव येते. पुस्तक राखीव फळीवर जाते आणि त्याला निरोप सुटतो. ठरलेल्या मुदतीत तो आला नाही तर पुस्तक पुढच्याकडे जाते. पेडण्याच्या वाचकाला यासाठी एकच दिवस दिला तर सेवा कागदावरच राहते. बसने येणाऱ्यांचा विचार करून ही मुदत ठरवावी लागते. खात्यातून वाचकाला स्वतःच्या याद्या करता येतात आणि नवे पुस्तक घेण्याची शिफारसही करता येते. शिफारशीवर काय निर्णय झाला, हे त्याला तिथेच दिसते.

ई-नियतकालिके आणि ई-ग्रंथांची बाब वेगळी. ती बहुधा ग्रंथालयाच्या मालकीची नसतात, वर्गणी भरून वापरायला मिळतात. सुरुवातीला प्रकाशक फक्त विद्यापीठाच्या आवारातील संगणक ओळखत. आवाराबाहेर पाऊल टाकले की दार बंद. महाविद्यालयांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या एन-लिस्ट योजनेने प्रत्येक वाचकाला स्वतंत्र नाव आणि पासवर्ड देऊन हा अडसर कमी केला. 1 जानेवारी 2025 पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत केंद्र व राज्य सरकारांच्या संस्थांना 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 ई-नियतकालिके खुली झाली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपयांची तरतूद आहे.

घरून लॉगिन करण्याच्या नव्या पद्धतीत प्रकाशक वाचकाला त्याच्या संस्थेच्या पानावर पाठवतो. पासवर्ड तिथेच तपासला जातो आणि ‘हा आमचा पात्र सभासद आहे’ एवढाच निर्वाळा प्रकाशकाला मिळतो. नावाऐवजी एक सांकेतिक खूण दिली की जतन केलेले शोध आणि सूचना पुढच्या वेळीही सापडतात, पण वाचक कोण हे कळत नाही. आपला पासवर्ड मित्राला देणे किंवा यंत्राने घाऊक लेख उतरवणे मात्र महागात पडते. प्रकाशक कधी कधी संपूर्ण संस्थेचाच प्रवेश थांबवतो.

देवघेवीच्या आकडेवारीवरून पुस्तक सुचवणे हा पुढचा टप्पा. ‘हे पुस्तक नेणाऱ्यांनी तेही नेले’ अशी सूचना इंग्लंडमधील हडर्सफील्ड विद्यापीठाने 2005 च्या सुमारास आपल्या तालिकेत आणली. त्यासाठी देवघेव मोठी हवी. लहान विभागात एखादे मराठी पुस्तक वर्षभरात मोजकेच जण नेत असतील, तर दोघांच्या योगायोगालाही संगणक आवड समजतो. अशा ठिकाणी प्राध्यापकांच्या वाचनयाद्या, 891.46 या मराठी साहित्याच्या वर्गांकाखाली नव्याने दाखल झालेली पुस्तके आणि शोधगंगा या भारतीय विद्यापीठांच्या ऑनलाइन प्रबंधसंग्रहातील प्रबंधांच्या संदर्भसूची अधिक भरवशाच्या ठरतात. शोधगंगेवर गोवा विद्यापीठाचे प्रबंधही आहेत.

वाचकाने काय वाचले याची नोंद जितकी उपयोगी, तितकीच नाजूक. ती नसेल तर सूचना देता येत नाही. ती राहिली तर वाचनावर नजर ठेवता येते. कोहात ग्रंथालयाने मुभा दिल्यास वाचक आपला वाचन-इतिहास कायम ठेवायचा, ठरावीक काळ ठेवायचा की पुस्तक परत होताच पुसायचा, हे स्वतः निवडू शकतो. ही निवड सुरुवातीलाच समजावून सांगितली पाहिजे. संमती आणि माहितीच्या वापराचा हेतू स्पष्ट असणे, ही 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचीही मूळ भूमिका आहे. सामायिक संगणकावर काम संपल्यावर खात्यातून बाहेर पडणे ही वाचकाची जबाबदारी, तर आकडेवारी काढताना नावे गाळणे ही ग्रंथालयाची.

अभ्यासक्रम संपताना सगळी पुस्तके परत झाली, दंड भरला गेला, की वाचकाला नो ड्यूज दाखला मिळतो आणि त्याचे सभासदत्व बंद होते. त्याबरोबर ई-नियतकालिकांचा प्रवेशही थांबवावा लागतो, कारण वर्गणीचा करार चालू सभासदांपुरताच असतो. जतन केलेले शोध आणि याद्या उतरवून घेण्यासाठी वाचकाला आधी कळवायचे, मग सूचना बंद करायच्या आणि त्याचे वाचन त्याच्या नावापासून वेगळे करायचे, असा क्रम असतो. आपल्या आराखड्यासाठी त्याने शोधून दिलेली स्थळनावे आणि लेखकांच्या नावांची रूपे मात्र प्राधिकृत नोंदींत राहतात. त्याच विषयावर काम करणाऱ्या पुढच्या वाचकाला ती तयार मिळतात.