एका पिंपाचा सातबारा

ब्लँटन्स या बर्बन व्हिस्कीच्या बाटलीवरचं लेबल पाहिलं की तलाठ्याकडचा उतारा आठवतो. पिंप कुठल्या गोदामात होतं, कुठल्या रांगेत होतं, त्याचा क्रमांक काय, ते कोणत्या तारखेला रिकामं केलं, अशा नोंदी त्यावर असतात. गट नंबर आहे, फेरफार आहे, भोगवटादाराचा रकाना तेवढा कोरा. तो ज्याने पैसे मोजले त्याने मनातल्या मनात भरून घ्यायचा.

ही पद्धत बाजारात आली १९८४ साली, अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या फ्रँकफर्ट गावात. आज बफेलो ट्रेस नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या डिस्टिलरीत एल्मर टी. ली हे मुख्य जाणकार होते. तोवरचा शिरस्ता असा, की पुष्कळ पिंपांतली व्हिस्की एकत्र करायची, म्हणजे यंदाची बाटली आणि पाच वर्षांपूर्वीची बाटली एकसारखी लागते. लींनी उलटं केलं. एक पिंप फोडायचं, त्यातून निघतील तेवढ्या दीड-दोनशे बाटल्या भरायच्या आणि दुसऱ्या पिंपाचा थेंब त्यात येऊ द्यायचा नाही. नाव दिलं डिस्टिलरीचे जुने प्रमुख कर्नल अल्बर्ट ब्लँटन यांचं. हे कर्नल पाहुण्यांसाठी ‘एच’ गोदामातली निवडक पिंपं बाजूला काढून ठेवत, असं सांगतात.

ब्लँटन्सच्या नेहमीच्या बाटलीत मात्र पाणी घालून तीव्रता ४६.५ टक्क्यांवर आणलेली असते. खरी परीक्षा पुढची आहे. बाटली एकाच पिंपाची, आणि त्यात पाणीही घातलेलं नाही, असा दुहेरी योग आला की पेल्यात साठ-पासष्ट टक्के अल्कोहोल असतं. असं द्रव्य चाखून त्याच्याविषयी शहाणपणाने काही बोलायचं कसं, हा प्रश्न हौशी मंडळींचा वाटतो, पण त्याची उत्तरं रसायनशास्त्र आणि मज्जाविज्ञान देतात.

आधी आकड्यांची भानगड. अमेरिकी लेबलावर ‘१३० प्रूफ’ लिहिलेलं असलं तर निम्मं करायचं, म्हणजे ६५ टक्के. ब्रिटिशांचा प्रूफ वेगळा होता. बंदुकीची दारू मद्यात भिजवून पेटवायची, पेटली तर मद्य ‘सिद्ध’ झालं. ही सीमा पुढे ५७.१ टक्क्यांवर ठरली. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटल्यांवर ४२.८ टक्के असा विचित्र आकडा का असतो, असं कधी वाटलं असेल तर त्याचं मूळ इथे आहे. ५७.१ चे पंच्याहत्तर टक्के म्हणजे ४२.८. इंग्रज गेले, बंदुकीची दारू गेली, हिशेब राहिला. या हिशेबाने पासष्ट टक्क्यांच्या बर्बनचा ३० मिलीचा पेग म्हणजे आपल्या ओळखीच्या व्हिस्कीचा दीड पेग होतो. पुढचं सगळं वाचताना हे दीडपट प्रकरण ध्यानात असू द्यावं. बोलण्याच्या भरात शौकीन नेमके तेच विसरतात.

बर्बनचा अमेरिकी कायदा बराच काटेकोर आहे. धान्यात किमान ५१ टक्के मका हवा. पिंप ओकच्या लाकडाचं, आतून जाळलेलं आणि दर वेळी कोरं करकरीत हवं. आणि पिंपात भरताना मद्याची तीव्रता ६२.५ टक्क्यांच्या वर नको. आता कोडं असं, की भरताना ६२.५ ची मर्यादा आहे, तर आठ-दहा वर्षांनी बाहेर निघताना ते ६५, ६८, क्वचित ७० टक्क्यांच्याही पुढे कसं जातं? पाणी शंभर अंशाला उकळतं, अल्कोहोल अठ्ठ्याहत्तरला. आधी उडून जायला हवं ते अल्कोहोल.

स्कॉटलंडमध्ये तसंच होतं. तिथली हवा थंड आणि दमट, लाकडाबाहेर आधीच ओलावा भरलेला, म्हणून पाण्याला बाहेर पडायची घाई नसते. अल्कोहोल निघून जातं आणि व्हिस्की वर्षागणिक सौम्य होत जाते. केंटकीतली बरीच गोदामं मात्र अनेक मजली असतात. उन्हाळ्यात पत्र्याखालचा वरचा मजला भट्टीसारखा तापतो आणि कोरडा पडतो. पाण्याचा रेणू अल्कोहोलच्या रेणूपेक्षा लहान, तो लाकडातून सहज वाट काढतो, आणि बाहेरची कोरडी हवा त्याला ओढून घेते. मागे राहतं ते अधिक जहाल. त्याच गोदामात तळमजल्याला सावलीत पडलेल्या पिंपाची तीव्रता मात्र जेमतेम हलते, कधी उतरतेही. म्हणजे एकाच दिवशी, एकाच भट्टीतून भरलेली दोन भावंडं, एक माळ्यावर आणि एक तळघरात वाढलेली. लेबलावर रांगेचा क्रमांक छापण्यात दिखाऊपणा आहेच, पण ती माहिती कामाचीही आहे.

शेजारच्या टेनेसीत जॅक डॅनियल्सने २०२१ मध्ये कोय हिल नावाच्या टेकडीवरल्या गोदामांतली पिंपं वेगळी काढली, तेव्हा काहींची तीव्रता ७४ टक्क्यांवर पोचलेली होती. सत्तरच्या वरचं मद्य विमानात नेता येत नाही, म्हणून शौकीन अशा बाटल्यांना ‘हॅझमॅट’, म्हणजे घातक माल, म्हणतात. अभिमानाने म्हणतात, हे विशेष. उलट फोर रोझेस ही कंपनी आपली पिंपं मुद्दाम एकमजली गोदामांत ठेवते, कारण तिला फरक मजल्यातून नको, कृतीतून हवा आहे. धान्याची दोन प्रमाणं आणि यीस्टचे पाच वाण, अशा दहा कृती ती वेगवेगळ्या मुरवते आणि एका पिंपाच्या बाटलीवर कृतीचं सांकेतिक नाव छापते.

पिंपाच्या आत काय चालतं? पांढऱ्या ओकच्या फळ्या आतून मिनिटभराच्या आतबाहेर जाळतात. खूप जाळलं की कोळशाला मगरीच्या पाठीसारखे खवले येतात. कोळशामागचा भाजलेला थर खरा कारागीर. उन्हाळ्यात मद्य प्रसरण पावून त्यात शिरतं, हिवाळ्यात आकसून परततं, आणि येताना काहीबाही घेऊन येतं. लाकडातलं लिग्निन भाजल्यावर फुटतं, त्यातून व्हॅनिलिन मिळतं, लवंगेतलं युजेनॉल मिळतं, धुराचा वास असलेलं ग्वायकॉल मिळतं. हेमिसेल्युलोजच्या शर्करा करपून कॅरमलचा दरवळ देतात. ओक लॅक्टोन नावाचं द्रव्य ओल्या खोबऱ्याची आठवण करून देतं, आणि अमेरिकी ओकमध्ये ते भरपूर असतं. पिकल्या केळ्याचा वास देणारं एस्टर त्याआधीच, यीस्टने आंबवताना, तयार झालेलं असतं. बर्बन ‘गोड’ लागतं म्हणतात, पण त्यात साखर नगण्य असते. गोडवा नाकाने जिभेला सांगितलेली बातमी आहे.

आणि ही बातमी पोचण्याआधीच तोंडात आग लागते.

अल्कोहोलचा चटका ही चव नाही. जिभेवरच्या चवीच्या कळ्यांशी त्याचा संबंध थोडा. तो जाणवतो वेदना आणि उष्णता टिपणाऱ्या चेतातंतूंना, आणि त्यांच्यावर टीआरपीव्ही-१ नावाचं एक प्रथिन असतं. डेव्हिड ज्युलियस यांनी ते मिरचीतल्या कॅप्सायसिनच्या मदतीने शोधलं आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात या शोधाचा मोठा वाटा होता. हे प्रथिन एरवी ४२-४३ अंश सेल्सियसच्या पुढे जागं होतं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की अल्कोहोलच्या सान्निध्यात हा उंबरठा ३४ अंशांच्या आसपास उतरतो. आपलं शरीर ३७ अंशांचं. म्हणजे व्हिस्की काही जाळत नाही. आपल्याच अंगाची ऊब आपल्याला भाजते आहे असा निरोप ती मेंदूकडे पाठवते. छातीत उतरणाऱ्या या जाळाला तिकडे ‘केंटकीची मिठी’ म्हणतात. ठेच्याचा पहिला घास खाऊन कानशिलं तापलेल्या माणसाला ही मिठी अनोळखी नाही.

इथे एक गंमत आहे, आणि ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर वाटते. टीआरपीव्ही-१ मधला ‘व्ही’ म्हणजे व्हॅनिलॉइड. कॅप्सायसिनच्या रेणूचं एक टोक आणि व्हॅनिलिन यांची ठेवण एकच. मिरचीचं रोप कॅप्सायसिन घडवतं तेच मुळी व्हॅनिलिनच्या वाटेने. तेव्हा जहाल बर्बनच्या घोटात जळजळ आणि व्हॅनिला एकत्र नांदतात, ही दोन परक्यांची गाठभेट नाही, लांबच्या सोयऱ्यांची आहे. फक्त व्हॅनिलिन स्वतः तसं भाजत नाही. ते काम अल्कोहोल करतं.

चाखणाऱ्याचं सगळं कसब या दोघांना वेगळं काढण्यात आहे. म्हणून जाणते लोक पेला एकदम नाकाखाली धरत नाहीत. ओतल्यावर काही मिनिटं थांबतात, हनुवटीजवळून हळूहळू वर आणतात, तोंड किंचित उघडं ठेवून हुंगतात. पहिला घोट अगदी थेंबभर घेतात आणि तो हिशेबात धरत नाहीत, कारण तो चेतातंतूंच्या आरड्याओरड्यातच वाया जातो. दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला हा गोंगाट थोडा ओसरतो, आणि गिळल्यावर घशाच्या मागून नाकात चढणारी वाफ खरी ओळख करून देते. पेल्याच्या काचेवर ओघळणाऱ्या रेषांवरून दर्जा सांगणाऱ्यांकडे मात्र खुशाल दुर्लक्ष करावं. पातळ थरातलं अल्कोहोल आधी उडतं, तिथला पृष्ठताण वाढतो, द्रव वर खेचला जातो आणि थेंब होऊन घसरतो. जेम्स थॉमसन यांनी १८५५ मध्येच हे सांगून ठेवलं आहे. रेषा जाड असल्या तर एवढंच कळतं की माल जहाल आहे, आणि ते लेबलावर छापलेलंच असतं.

मग पाण्याचा प्रश्न. पिंपातून निघालेल्या अस्सल मालात पाणी घालणं काहींना पापच वाटतं. रसायनशास्त्राचं मत वेगळं पडतं. सुगंधी रेणूंतल्या अनेकांना पाण्यापेक्षा अल्कोहोलचा सहवास प्रिय असतो. द्रवात अल्कोहोल भरपूर असलं की ते तिथेच रमतात, हवेत यायला राजी नसतात. स्वीडनमधल्या लिनियस विद्यापीठातल्या ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये संगणकावर याचं प्रतिरूप मांडलं. अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असताना ग्वायकॉल पृष्ठभागाशी जमत होतं, ५९ टक्क्यांच्या वर मात्र ते द्रवाच्या पोटात ओढलं जात होतं. हे प्रतिरूप पाणी, अल्कोहोल आणि एका सुगंधी रेणूचं. खऱ्या पेल्यात असे शेकडो रेणू असतात, तेव्हा याला पुरावा म्हणण्यापेक्षा दिशा म्हणावं. पण दिशा अनुभवाशी जुळते. व्हिस्कीची मिश्रणं करणारे व्यावसायिक तर नमुने वीस टक्क्यांच्या आसपास पातळ करून हुंगतात, आणि दिवसाकाठी अनेक नमुने पाहायचे असल्यामुळे गिळत जवळपास नाहीत.

म्हणून माझा कौल असा, की आधी जसं आहे तसं चाखावं, मग ड्रॉपरने पाणी घालत जावं. पासष्ट टक्क्यांच्या ३० मिलीला पन्नासवर आणायला नऊ-दहा मिली, म्हणजे दोन छोटे चमचे, पाणी लागतं. चमच्याचमच्यामध्ये काय बदललं ते लिहून ठेवावं. आधी केळं होतं, आता खोबरं पुढे आलं, लवंग मागे सरली. चांगलं पिंप पाण्याने उलगडतं. सामान्य पिंपाचा जाळ ओसरला की खाली फारसं काही उरत नाही, आणि हा फरक पाण्याशिवाय कळणं कठीण. पाणी दरडावून खरं बोलायला लावतं, फक्त अति झालं की सगळेच एका सुरात बोलू लागतात.

पाण्याने आणखी एक गोष्ट दिसते, तीही डोळ्यांना. केंटकीतल्याच लुईव्हिल विद्यापीठातल्या स्टुअर्ट विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी बर्बन वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत पातळ करून त्याचे थेंब काचेवर वाळवले. सूक्ष्मदर्शकाखाली कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसली, आणि वेगवेगळ्या व्हिस्कींची वेगवेगळी. २०२० साली हे काम प्रसिद्ध झालं. कोऱ्या जळक्या पिंपातून आलेली, पाण्यात न विरघळणारी द्रव्यं थेंबाच्या पृष्ठभागावर साय धरतात, थेंब आटताना ती साय चुरगळते आणि सुरकुत्या उरतात. स्कॉचमध्ये ही जाळी उमटत नाही.

उरतो न्यायनिवाडा, आणि तिथे नाकापेक्षा डोळे अधिक फसवतात. बोर्डोमधल्या एका प्रसिद्ध प्रयोगात पांढऱ्या वाइनला लाल रंग दिला, आणि वाइनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. गडद बर्बन, दुर्मीळ लेबल आणि चार जणांनी केलेली स्तुती यांच्यापुढे आपलं नाक तरी किती ताठ राहणार? बाटली कागदात गुंडाळून, शेजारी साधी बाटली ठेवून चाखावं. शब्दही उसने नकोत. अमेरिकी समीक्षक चेरीच्या पायचे दाखले देतात, तो पाय ज्याने खाल्लाच नाही त्याने काकवी म्हणावं, भाजलेली सुपारी म्हणावं, चुलीवरची खरवड म्हणावी. पिंपात जास्त वर्षं काढलेल्या बर्बनमध्ये टॅनिन उतरतं, तेव्हा तर आपल्याकडे षड्रसांतला नेमका शब्द तयार आहे. जांभळासारखं जिभेला आखडून धरणारं, तुरट.

रिकामं झालेलं पिंप कायद्यानुसार पुन्हा बर्बनसाठी वापरता येत नाही, म्हणून ते विकलं जातं. अशी पिंपं गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनच्या डिस्टिलरीतही येतात. तिथे त्यांत भारतीय जवाची सिंगल माल्ट भरतात. केंटकीत दर वर्षी पिंपातून तीन ते पाच टक्के मद्य हवेत जातं. कोकणपट्टीच्या उकाड्यात हा वाटा आठ टक्क्यांच्या आसपास पोचतो, आणि त्याच लाकडात नवा उतारा लिहायला सुरुवात होते.