चाळिशीनंतर बर्फावरची हॉकी

आमच्या माणगांवांत बर्फ दिसतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर. तेव्हां चाळिशी उलटल्यावर बर्फावरील हॉकी शिकण्याचा बेत मीं बोलून दाखवितांच घरांतील वडीलमंडळींस माझ्या हाडांची चिंता पडली. ती अगदींच अस्थानीं नव्हे. पायांखालीं पोलादी पातें, आणि चेंडूऐवजीं तीन इंच व्यासाची कठीण रबरी चकती! प्रौढ नवशिक्यानें काठी मागाहून घ्यावी. आधीं गुडघे वांकवून कुशीवर पडावयास व उठावयास शिकावें. (लाज सोडणें त्याहून कठीण.) लडाखांत गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ थोडेच आठवडे टिकतो, तरी प्रामुख्यानें तेथल्याच मुलींच्या भारतीय संघानें २०१७ सालीं बँकॉकला फिलिपाईन्सवर ४–३ असा विजय मिळविला. तूर्त मी गच्चीवर चाकांच्या स्केटवर उभा राहतों. पुतण्या हात धरतो. आई जिन्यांत हळदीची वाटी घेऊन बसते.